पार्ल्याच्या भिंतीवरचं नाव

मुंबईत चार दिवस राहून आले आणि समुद्र पाहिला नाही. ज्यांना चौपाटीबद्दल आणि मोठमोठ्या दुकानांबद्दल वाचायचं असेल त्यांचा इथे हिरमोड होईल. मी मुलुंड, विलेपार्ले आणि भांडुप एवढंच पाहिलं, आणि तेही भांडायला गेले होते म्हणून.

कुडाळजवळ माझा काजूचा लहानसा कारखाना आहे. नवरा गेल्यावर दोन बायकांना घेऊन पडवीत बी फोडायला बसले, आज चौदा जणी कामाला आहेत. बागवाल्याकडून बी घेताना आणि व्यापाऱ्याला गर विकताना मी आवाज कधी खाली ठेवला नाही. स्वभाव तापट आहे, हे मला कोणी सांगायला नको.

माझी मुलगी केतकी पार्ल्याच्या एका कॉलेजात शिकत होती. पहिल्याच वर्षी तिने आणखी तिघांना जमवून पीआर क्लब काढला. एखादी संस्था चांगलं काम करत असते पण लोकांना त्याचा पत्ता नसतो. तिच्यासाठी बातमी लिहायची, फोटो काढायचे, वर्तमानपत्रांना पाठवायचे, असं ते काम. क्लबला बसायला खोली नव्हती, मुलं जिन्याच्या वळणावर बसायची. तिसऱ्या वर्षी त्यांनी सगळ्या कॉलेजांच्या स्पर्धेत चषक जिंकला. त्यानंतर महिन्याभरात क्लबने केतकीला काढून टाकलं. शेवटची परीक्षा न देता ती घरी आली. दोन वर्षं झाली, ती माझ्या कारखान्यात डब्यांवर लेबलं चिकटवते.

काढलं ते एका वाक्यासाठी. बातमीत कोणाचं तरी बोलणं लागतं. या लोकांची पद्धत अशी, की ते बोलणं आधी आपणच लिहायचं, मग ज्याच्या तोंडी घालायचं त्याला फोनवर वाचून दाखवायचं, आणि तो हो म्हणाला की वहीत त्याच्या नावापुढे खूण करायची. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. केतकी म्हणाली होती, "आई, सगळीकडे असंच करतात. लोकांना नीट सांगता येत नाही, आम्ही नीट करून देतो."

भांडुपच्या टेकडीवर मुलांसाठी एक अभ्यासिका निघाली होती, तिची ती बातमी. तिथल्या कमल इंगळे या बाईंच्या तोंडी केतकीने लिहिलं, "नवरा दारूच्या नादी लागला होता, मुलगा वाया चालला होता. या अभ्यासिकेने माझं घर वाचवलं." फोटोसकट छापून आलं. त्यावरच चषक मिळाला. पण इंगळे दारूला शिवत नव्हते, आणि ते शाळेच्या बसवर ड्रायव्हर होते. पालकांनी बातमी वाचली. शाळेने त्यांना बसवरून उतरवलं. कमलबाई कॉलेजात आल्या, तेव्हा क्लबचं काम बघणाऱ्या सरांनी सांगितलं की त्या मुलीने आपल्या मनाने लिहिलं, क्लबचा संबंध नाही.

केतकी मला म्हणाली, "मी फोन केला होता आई. त्या हो म्हणाल्या होत्या. वहीत खूण आहे." मी दुसरं काही विचारलं नाही. माझी मुलगी खोटं बोलत नाही, हे मी दोन वर्षं येईल त्याला सांगत होते.

यंदा क्लबला पाच वर्षं झाली. तिच्या एका मैत्रिणीने कार्यक्रमाची पुस्तिका मोबाइलवर पाठवली. क्लबचा सगळा इतिहास होता, ती बातमीही होती, केतकीचं नाव कुठेच नव्हतं. केतकीने वाचलं आणि मोबाइल उपडा ठेवला. मी त्याच दिवशी तिकीट काढलं.

मुलुंड, गुरुवार

मुलुंडला माझा मावसभाऊ दिनूदादा राहतो. त्याचे वडील गिरणीत होते, हा कारखान्यातून निवृत्त झाला आणि आता नवव्या मजल्यावर आहे. दार उघडून त्याने आधी माझ्या हातातली पिशवी पाहिली, मग तोंड.

"काय गो, भांडूक इलंस काय रवाक?"

"दोनय," मी म्हटलं. भांडायचंही होतं आणि राहायचंही.

वहिनीने बोंबील तळले होते. खिडकीतून डोंगर दिसतो, पण खिडकीला जाळी आहे, कबुतरांसाठी. लिफ्टमध्ये चार माणसं होती आणि चौघंही वर चढणाऱ्या आकड्यांकडे बघत होती. आमच्याकडे बाजारातून घरी येईपर्यंत सात जण विचारतात, कुठे गेली होतीस. त्याचा मला वैताग येतो. इथे कोणी विचारलं नाही, त्याचाही आला.

जेवताना दादा म्हणाला, "कॉलेजवाल्यांशी आवाज चढवू नको. इथे माणसं आवाज चढला की ऐकायचं बंद करतात."

"मग ऐकतात कधी?"

"हसून बोललं की."

"हसून मागायला मी काय वर्गणी मागायला आलेय?"

वहिनीने माझ्या ताटात अजून एक बोंबील वाढला आणि विषय संपवला.

विलेपार्ले, शुक्रवार

रिक्षावाल्याला मी बसण्याआधी पार्ल्याचं किती ते विचारलं. त्याने मीटरकडे बोट दाखवलं. आमच्याकडे आधी बोलायचं आणि मग बसायचं. मी दोन वेळा माझा भाव सांगून पाहिला. तो म्हणाला, "मावशी, याच्याशी बोला, मी फक्त चालवतो." पूर्ण रस्ता मी त्या आकड्यांशी मनात भांडत होते.

पार्ल्यात पूर्वी बिस्किटांचा वास यायचा, असं दादाने सांगितलं होतं. आता येत नाही. जुन्या बैठ्या इमारती पत्रे लावून पाडायला काढल्यात. कॉलेज शोधायला वेळ लागला नाही, फाटकावरच क्लबचा फलक होता.

आत इशिता नावाची मुलगी भेटली, क्लबची यंदाची अध्यक्ष. मी कोण ते सांगितलं नाही. कोणाची तरी आई आहे म्हटलं, तिला तेवढं पुरलं. तिने हौसेने सगळं दाखवलं. खरं ते लिहिलं पाहिजे, क्लब मोठा झाला आहे. जिन्याच्या वळणावरून तो आता एसीच्या खोलीत आलाय, ऐंशीच्या वर मुलं आहेत, प्रवेशासाठी मुलाखत असते. घाटकोपरला त्यांनी रक्तदानाची मोहीम केली. बोरिवलीला जंगलाकडेच्या वस्त्यांमध्ये बिबट्या दिसला तर काय करायचं, ते नाटुकली करून सांगितलं. मुलुंडला एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी फोन लावणारी मुलं नेमली, ती मुलं आठवड्यातून एकदा नुसती बोलतात. हे ऐकताना मला वाटलं, माझ्या पोरीने लावलेलं झाड आहे हे. आणि त्याने राग निवला नाही, वाढला.

खोलीच्या मधल्या भिंतीवर ती बातमी होती. रुंद सोनेरी चौकट, त्यात कमलबाईंचा मुलाच्या खांद्यावर हात ठेवलेला फोटो, खाली मजकूर. शेजारी काचेच्या कपाटात चषक.

"हे आमचं सगळ्यात मोठं यश," इशिता म्हणाली. "नव्या मुलांना आम्ही पहिल्या दिवशी हेच दाखवतो. बातमीला चेहरा कसा द्यायचा, ते."

"कोणी लिहिली?"

"पहिल्या बॅचने. नाव नाही माहीत काकू."

तेवढ्यात सर आले. पन्नाशीचे, थकलेले, शर्टाच्या खिशाला पेनाचा डाग. केतकीच्या प्रवेशाच्या वेळी एकदा भेटले होते, त्यांनी मला ओळखलं. मुलांना बाहेर जायला सांगितलं.

"केतकी कशी आहे?"

"लेबलं चिकटवते."

मी विचारलं, "चषक कोणत्या बातमीवर मिळाला?"

"ह्याच."

"लिहिली कोणी?"

"ताई, त्या प्रकरणात कॉलेजचं नाव..."

"प्रकरण तिचं आणि चषक तुमचा? असं कुठे असतं? नाव काढायचं तर चषक पण काढा. चषक ठेवायचा तर नाव पण ठेवा. अर्धा माल घेऊन अर्धा परत करायची पद्धत माझ्याकडे नाही."

माझा आवाज चढला होता. काचेच्या दाराबाहेर मुलं जमली. दुसऱ्या दिवशी कार्यक्रम, वर्तमानपत्रांची माणसं येणार, हे मला माहीत होतं. म्हणूनच मी शुक्रवार निवडला होता. सरांनी दाराकडे पाहिलं आणि म्हणाले, "ठीक आहे. चौकटीवर नाव लावतो. पुस्तिकेतही एक पान घालतो. पण त्या इंगळेबाईंनी नाव पाहून पुन्हा गोंधळ घातला तर? त्यांच्याकडून दोन ओळी आणा, तक्रार नाही म्हणून."

"आधी नाव."

"नाव आज छापून घेतो. चिठ्ठी उद्या सकाळी."

ठरलं. बाहेर पडून मी स्टेशनजवळ उभ्याने इडली खाल्ली. सौदा जमला की मला भूक लागते. पण खाताना काहीतरी खटकत होतं. समोरचा इतक्या लवकर मान्य करतो तेव्हा बी वजनासाठी भिजवून आणलेली असते, हे मी वीस वर्षं बघतेय.

भांडुपची टेकडी, शुक्रवार दुपार

टेकडीवर जायला पायऱ्या आहेत, कुठे सिमेंटच्या, कुठे नुसत्या दगडाच्या. निम्म्यावर माझ्या चपलेचा पट्टा तुटला. चप्पल हातात घेऊन चढले. एका वळणावर श्वास घ्यायला थांबले तर खाली टॉवर, त्यापलीकडे हायवे आणि त्याच्याही पलीकडे मिठागरांचे पांढरे चौकोन दिसले. आमच्याकडे एवढ्या उंचावर फक्त देऊळ असतं. इथे घराला घर लागून आहे आणि पाण्याची पिंपं दारात.

अभ्यासिका वाटेतच लागली. दार उघडं होतं, मुलं पाठ करत होती. ती गोष्ट तरी बातमीतली खरी होती.

कमलबाई माझ्याच वयाच्या. दारात बसून साडीला फॉल लावत होत्या. आत भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली मुलाची पुस्तकं. एक गृहस्थ खाटेवर बसले होते. मी केतकीचं नाव घेतलं तसे ते उठले, चपला घातल्या आणि माझ्याकडे न बघता बाहेर गेले.

"ते सकाळी टॉवरमधल्या गाड्या धुतात," कमलबाई म्हणाल्या. "दुपारी झोपायची वेळ असते त्यांची. बसा. आई ना तुम्ही? डोळे तेच आहेत."

त्यांनी पाणी दिलं, चहा ठेवला. मी काजूची पिशवी पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही आणि सरकवलीही नाही.

मी सरळ विचारलं, "फोनवर तुम्ही हो म्हणाला होता ना?"

"म्हणाले होते."

माझा जीव भांड्यात पडला. मी लगेच पुढचं बोलणार होते, पण त्यांनी सुई साडीत टोचून ठेवली.

"सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाले. मी म्हटलं, दारूचं काढ गं. आमचे हे पीत नाहीत, गाडी चालवतात. ती म्हणाली, काढते काकू. मी म्हटलं, मग बाकीचं चालेल. हो."

"विसरली असेल ती. घाई असते त्यांची."

"मी पण तेच म्हणत होते. पण पेपरात आल्यावर तिसऱ्या दिवशी ती इथे आली होती. तुम्ही बसलात ना, तिथेच बसली. म्हणाली, काकू, विसरले नाही. ते काढलं तर बातमीत काही उरतच नव्हतं. पाठवायचा शेवटचा दिवस होता. खूप रडली. मी तिला चहा दिला. पोर वाईट नाही. पण पाठवलं तिनेच."

मला राग आला, आणि तो यायला नको त्या माणसावर आला. मी म्हटलं, "मग दोन वर्षं तुम्ही हे कोणाला सांगितलं का नाही?"

"कोणाला नाही सांगितलं?" त्यांचा आवाज चढला नाही. "कॉलेजात गेले. शाळेत गेले. शाळेतल्या बाई म्हणाल्या, पेपरात तुमच्याच तोंडचं आहे, फोटो तुमचाच आहे, आता म्हणता मी बोलले नाही. नवऱ्याला वाचवायला बोलताय, असं म्हणाल्या. मला सांगा, मी काय दाखवणार होते त्यांना?"

चहा निवला. शेवटी, ज्यासाठी आले होते ते मी सांगितलं, कारण आणलेल्या कामाबद्दल मी कधी लपवाछपवी करत नाही. दोन ओळी, तक्रार नाही म्हणून, आणि खाली सही.

कमलबाई पहिल्यांदा हसल्या. "त्यासाठी काजू?"

"हो."

"भाव कमी लावलात, ताई."

एवढ्या वर्षांत हे मी दुसऱ्यांना ऐकवत आले होते. मला कोणी ऐकवलं नव्हतं.

"सही देते," त्या म्हणाल्या. "मला माझा फोटो आणून द्या. त्या भिंतीवरून. इथे अभ्यासिकेत क्लबची नवीन मुलं येतात, दारात येऊन मला हात जोडतात, म्हणतात काकू, तुमचा फोटो बघूनच आम्ही क्लबात आलो. आमचे हे आत बसलेले असतात तेव्हा. तो काढा तिथून. मग हव्या तेवढ्या सह्या घ्या."

उतरताना एका चांभाराने पट्टा शिवून दिला. त्याने सांगितलं तेवढे पैसे मी दिले. त्या संध्याकाळी केतकीला फोन केला नाही. दादाने विचारलं, "जमलं?" मी म्हटलं, जमलं.

विलेपार्ले, शनिवार

कॉलेजच्या दारात रांगोळी होती. मुलांनी एकसारखे निळे कुर्ते घातले होते. एका टेबलावर पुस्तिका रचलेल्या, त्यात एक सुटं पान घातलेलं. खोलीत अजून गर्दी नव्हती.

सरांनी शब्द पाळला होता. चौकटीच्या खाली तिच्या नावाची पितळी पट्टी होती आणि आत मजकुराच्या तळाला नवी छापलेली ओळ: संकल्पना व लेखन, केतकी सावंत. मी ती तीनदा वाचली. दोन वर्षं मी या ओळीसाठी जळत होते. ती तिथे होती, सुबक अक्षरात, आणि तिच्या बरोबर वर दारूचं वाक्य होतं. आत्तापर्यंत ते वाक्य कोणाचंच नव्हतं. पहिल्या बॅचचं होतं. आता ते माझ्या मुलीचं होतं, आणि ते तिथे लावायला मीच आले होते.

खुर्ची ओढली, चढले आणि चौकट खिळ्यावरून उतरवली. वाटलं होतं त्यापेक्षा जड होती.

इशिता धावत आली. "काकू, अहो, पाहुणे येतायत."

मागून सर आले. "आता काय झालं? नाव लावलं ना?"

"लावलंत. नाव आमचं, म्हणजे चौकट आमची. नेते."

ते जवळ येऊन हळू बोलले, "चिठ्ठी?"

"नाही मिळत. वहीत खूण आहे ना तुमच्या, तिच्यावर भागवा."

"भिंत रिकामी दिसेल."

"दिसू दे."

त्यांनी चौकटीला हात घातला. मी सोडली नाही. दोघं मिनिटभर तशीच उभी होतो, दोन्ही बाजूंनी धरून, आणि मला वाटतं, मी ओरडेन याची ते वाट बघत होते. मी ओरडले नाही. इशिताने विचारलं, "काकू, त्यातलं खरं नाहीये का काही?"

"अभ्यासिका खरी आहे. दारू खोटी."

"आम्हाला कोणी बोललं नाही हे." ती माझ्याशी बोलत होती, पण सरांकडे बघत होती. सरांनी हात काढला. तिने मात्र माझ्यासाठी दार धरलं नाही. ती तिथेच त्या खिळ्याकडे बघत उभी राहिली.

पुन्हा टेकडी

रिक्षात चौकट मांडीवर उभी धरून बसले होते. मीटरकडे पाहिलं नाही.

कमलबाईंनी ती उलटी करून मागचे खिळे काढले, काच बाजूला ठेवली आणि कागद बाहेर काढला. साडीची कात्री घेतली. फोटो आणि मजकूर यांच्या मधून त्यांनी सरळ कापलं, घाई न करता, फॉल कापावा तसं. फोटो मुलाच्या पुस्तकात ठेवला. मजकुराचा तुकडा मला दिला.

"हे तुमचं. कागद आणा तो, सही करते. बोलले होते मी."

मी पर्स उघडली नाही. "नको," म्हटलं.

इंगळे त्या वेळी घरातच होते. यावेळी उठून गेले नाहीत.

निघताना मी कमलबाईंना म्हटलं, केतकीला सांगते, ती तुम्हाला फोन करेल. त्यांनी मान हलवली.

"फोन नको. एकदा फोनवर सांगून पाहिलंय मी. शाळेत येऊन सांग म्हणावं. त्या बाईंसमोर. हे मी लिहिलं, यांनी काढायला सांगितलं होतं, एवढंच."

"मग तर तिचं नाव..." मी बोलले आणि थांबले.

"हो," त्या म्हणाल्या. काजूची पिशवी कालच्याच जागी होती. त्यांनी ती माझ्या हातात दिली.

घरी

रविवारी दुपारी पोहोचले. बायकांना सुट्टी होती. केतकी एकटीच पत्र्याच्या टेबलाशी बसून लेबलं चिकटवत होती. गाडीत मी तिला काय काय बोलायचं ते ठरवून आले होते, आणि आवाज किती चढवायचा तेही. समोर गेल्यावर पर्समधून तो तुकडा काढला आणि डिंकाच्या वाटीशेजारी ठेवला.

तिने आधी स्वतःचं नाव वाचलं. मग वरचं वाक्य. मग वर जिथे फोटो हवा होता तिथली कापलेली कड बोटाने चाचपली.

"टेकडीवर गेली होतीस."

"गेले होते."

"काका लागले का कुठे?"

"गाड्या धुतात."

तिने हातातलं लेबल नीट चिकटवलं, डबा रांगेत ठेवला. "काकू काय म्हणाल्या?"

मी सांगितलं. जसं त्या म्हणाल्या तसंच, माझा एक शब्द न घालता. ती उठली आणि बाहेर नळावर गेली. डिंक सुकला की लवकर निघत नाही, ती पुष्कळ वेळ हात घासत होती. मग तिथूनच, माझ्याकडे पाठ ठेवून, तिने विचारलं, "शाळेचं ऑफिस किती वाजता उघडतं, आई?"

चार दिवसांत मी पुष्कळ चौकशा केल्या होत्या. ही एक केली नव्हती.